कच्च्या जोडावरचा ठसा

बब्रुवान लोहाराला भ्यायला मोठं कारण लागत नसे. पोलीस दिसला की तो उगाच हातातलं काम बदलायचा, पाटलाचा सांगावा आला की त्याला आधी तहान लागायची, आणि नळदुर्गच्या किल्ल्याच्या सावलीत पन्नास वर्षं काढूनही तो किल्ल्यात कधी एकटा गेला नव्हता. अशा माणसाच्या हाती देवानं घण कसा दिला कोण जाणे. पण त्या घणाखालून निघेल ते मात्र पक्कं असायचं. त्याच्या हातचा फाळ खडकावर वाकत नसे आणि त्यानं गाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव बारा वर्षं जागची हलत नसे.

त्याच्या घराण्यात एक रीत होती. काम मनासारखं उतरलं की शेवटच्या तापात त्यावर ठसा मारायचा, एक चंद्रकोर आणि तिच्या पोटात एक टिंब. लोखंड हलकं निघालं, गिऱ्हाईक घाईवर आलं, मन भरलं नाही, तर ठसा मारायचा नाही. बिनठशाची वस्तू म्हणजे चार दिवसांची कामचलाऊ, आणि ठसा असला तर डोळे मिटून भार टाकावा, हे अणदूरपासून जळकोटपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक. बापानं मरताना बोटभर लांबीचा तो पोलादी ठसा बब्रुवानच्या मुठीत दिला आणि म्हणाला, "खोटा मारू नगंस." एवढं एकच वाक्य, पण तेवढं पाळणंही बब्रुवानला शेवटपर्यंत जमलं नाही.

ते महायुद्धाचे दिवस होते. लढाई कुठं चालली होती ते नळदुर्गात कुणी पाहिलं नव्हतं, पण तिची झळ बाजारात लागत होती. पेट्रोल मिळेना, म्हणून महांतप्पा आडत्यानं आपल्या लॉरीच्या पाठीला एक मोठं लोखंडी पिंप बसवून घेतलं होतं. त्यात कोळसा जाळायचा आणि त्याच्या वायूवर लॉरी हाकायची. लॉरी खोकत खोकत सोलापूरच्या सडकेनं जायची, जाताना भुईमुगाच्या शेंगांची पोती न्यायची, आणि पोत्यांवर पाच-दहा माणसं बसवून त्यांच्याकडून भाडंही घ्यायची. निजामी राज्यात असं माणसं बसवायला मनाई होती म्हणतात. असेल. मनाई हैदराबादेत होती आणि लॉरी नळदुर्गात.

त्या लॉरीनं आसपासचा सगळा कोळसा खाऊन टाकला. भट्टीवाले महांतप्पालाच कोळसा देत. बब्रुवानच्या वाट्याला येई तो चुरा, त्यातला निम्मा ओला. अशातच एका सोमवारी सकाळी लॉरीचा डायव्हर शांतलिंग ब्रेकचा तुटलेला दांडा हातात घेऊन भात्यापाशी आला आणि त्याच्या मागोमाग स्वतः महांतप्पा. बब्रुवानला तिथंच तहान लागली.

त्यानं जुन्या धावेचा तुकडा घेतला, दांड्याला जोड दिला. बायको द्वारकाबाई भात्याची दोरी ओढत होती. ओढून ओढून तिचे खांदे भरून आले, पण त्या चुऱ्यात दम नव्हता. लोखंड लाल झालं. जोड एकजीव व्हायला ते पांढरं व्हावं लागतं, ठिणग्या सोडावं लागतं, ते काही होईना. घण घातल्यावर आवाज बोदा आला. बब्रुवाननं दांडा बाजूला ठेवला आणि खाली मान घालून सांगितलं.

"मालक, जोड कच्चा हाय. कोळशात जीव न्हाय. रिकामी लॉरी सावकाश सोलापूरला न्या आन् नवा दांडा घाला. भार घालू नका."

"आन् शेंगा? वखारीत बुरा धरूलालाय त्यास्नी. आज बाजाराचा दिवस हाय," महांतप्पा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच गोड असे. "दे तसाच."

पण शांतलिंगानं दांडा उलटसुलट करून पाहिला आणि परत ऐरणीवर ठेवला. "ह्याच्यावर ठसा न्हाय, मालक. बिनठशाच्या दांड्यावर म्या गाडी उतारावरनं नेनार न्हाय. माज्याबी घरी लेकरं हायत."

महांतप्पानं बब्रुवानकडं पाहिलं. रागानं नव्हे, नुसतं पाहिलं. मग म्हणाला, "मार की ठसा. उद्या दोन पोती चांगला कोळसा धाडतो. न्हायतर तुज्या भट्टीला चुराबी कसा मिळतो, ते बघतो म्या."

बब्रुवाननं दांडा पुन्हा तापवला. ठसा अगदी सरळ उमटला. सवयीचा हात. द्वारकाबाई भाता ओढत राहिली. शांतलिंगानं चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला, हसला आणि गेला.

दुपार कलली तेव्हा बब्रुवानला लॉरीचा भोंगा ऐकू आला. गावापलीकडं बोरी नदीच्या पुलाकडं सडक उतरते तिथून. भोंगा एकदा वाजला की थांबतो, हा थांबेचना. वाजतच राहिला, खाली खाली जात राहिला, आणि मग एकदम काहीच ऐकू येईना. सगळं गाव उताराकडं धावलं. बब्रुवान मात्र भात्यामागं जाऊन बसला आणि त्यानं कानांवर हात घट्ट दाबून धरले. त्याला जाऊन बघायची गरजच नव्हती.

पुलाजवळ लॉरी उलटली आणि दोन माणसं जागच्या जागी मेली. नागूबाई कासारणीचा उजवा पाय पिंपाखाली सापडला. चाळिशीतली विधवा बाई, खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गावोगाव पायी फिरायची, त्याच पायांवर पोट. त्या दिवशी ऊन फार म्हणून पोत्यांवर बसली होती. सोलापूरच्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापला. शांतलिंग अंगावर ओरखडाही न येता वाचला आणि त्याच संध्याकाळी सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखात पळाला. तिकडं निजामाचा पोलीस जात नाही. पोलिसांचे अमीनसाहेब आले, पंचनामा झाला. बैल आडवा आला, डायव्हर गांगरला, असं महांतप्पाच्या माणसांनी सांगितलं आणि तसं लिहिलं गेलं. दांड्याचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन पोती कोळसा मात्र आला, चांगला, खणखणीत, बाभळीचा. बब्रुवाननं तो कोपऱ्यात रचला आणि त्याला हात लावला नाही.

तीन महिन्यांनी नागूबाई कुबडी घेऊन परत आली आणि तिनं वकील गाठून तुळजापूरच्या मुन्सफ कोर्टात महांतप्पावर नुकसानभरपाईचा दावा लावला. गावानं तोंडात बोटं घातली. लॉरीखाली सापडलेलं माणूस नशिबाला बोल लावतं, मालकावर दावा कोण लावतं? आणि एका सकाळी कोर्टाचा चपराशी बब्रुवानच्या दारात उभा राहिला. साक्षीचं समन्स. सगळं उर्दूत. बब्रुवानला त्यातलं स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं, तरी कागद हातात धरताच तो आधी पाण्याच्या माठाकडं गेला.

चपराशाची पाठ वळते न वळते तोच महांतप्पा आला आणि ओट्यावर ऐसपैस बसला.

"भिऊ नको, बब्रुवान. कोर्टात येवढंच म्हन, असला दांडा म्या कदी बघितला न्हाय. बास. तुटलेल्या दांड्याचा तुकडा त्या बाईपाशी हाय म्हनं. येका बाईचं बोलनं कोन धरतंय? पर तू जर व्हय म्हनलास, तर ठसा तुजा, जोड तुजा, आन् मेलेली दोन मानसंबी तुजीच. मला काय लोखंडातलं कळतंय?"

तो गेला, तरी बब्रुवान हलला नाही. महांतप्पानं वाईट सांगितलं होतं, पण खोटं काय सांगितलं होतं? ठसा त्याचाच होता. डोळ्यांपुढं सारखी बेडी येई आणि गंमत बघा, लोहार असल्यामुळं तिचा जोड कसा देतात तेही त्याला लख्ख दिसे.

दुसऱ्या दिवशी तो नागूबाईच्या घरी गेला. तुकडा मागायचा, नाहीच दिला तर कुठं ठेवलाय ते हेरायचं, एवढाच विचार मनात होता. इतक्या खालच्या थराला आपण जाऊ शकतो हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि तरी पाय मागं फिरले नाहीत.

"या की दादा, बसा," नागूबाई म्हणाली. भिंतीला कुबडी टेकवून ती बांगड्या माळेत ओवत होती. "तुमी यायचाव हे ठावं हुतं मला."

"कसं काय?"

"तासभर अडकून पडले हुते बगा लॉरीखाली. तोंडासमोर हा तुकडा लोंबत हुता. त्याच्यावरचा तुमचा ठसा दिसला. म्या म्हनलं, हे बब्रुवानदादाचं काम. कसं तुटलं ते दादालाच ठावं आसंल, आन् ते खरं सांगतील. त्यो वढून काडला आन् धरूनच ठेवला मुठीत. दवाखान्यात बी सोडंना म्हनून डाक्टर लई वरडले माज्यावर." उतरंडीच्या खालच्या मडक्यातून तिनं फडक्यात बांधलेला तुकडा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. "तुमीच न्या तुळजापूरला. वकीलसायब म्हनत्यात, जपून ठिवा, येवढा येकच पुरावा हाय. म्या अशी लंगडी, मोटारस्टँडावर कुनी हिसकला तर?"

बब्रुवान मागायच्या आधीच मिळालेला तुकडा धोतरात लपवून घराकडं निघाला. उन्हं वर आली होती, रस्ता माणसांनी भरला होता, आणि प्रत्येक माणूस आपल्या कमरेकडंच बघतोय असं त्याला वाटत होतं. चोरी केलेल्या माणसालाही एवढी भीती वाटत नसेल.

घरी येताच त्यानं कोपऱ्यातला तो बाभळीचा कोळसा पहिल्यांदा भट्टीत घातला.

"ओढ," तो द्वारकाबाईला म्हणाला.

ती ओढू लागली. कोळसा खरंच चांगला होता, बघता बघता धगधगला. बब्रुवाननं फडकं सोडलं, तुकडा सांडशीत धरला आणि विस्तवात सारला. अजून थोडा ताप, मग दहा घाव, आणि त्याचा एखादा खिळा होऊन जाईल. कोर्टात म्हणायचं, हरवला. भिंतीकडं बघत त्यानं मनात हेच घोकायला सुरुवात केली, हरवला, हरवला. लोखंड काळ्याचं तांबूस झालं आणि त्या तांबूसपणात चंद्रकोर वर आली, पोटातल्या टिंबासकट.

भात्याचा आवाज थांबला.

"ओढ की!" बब्रुवान ओरडला. त्याचा आवाज चिरकला.

द्वारकाबाईनं दोरी सोडून दिली होती. ती निखाऱ्याकडं बघत होती. "लॉरीचा हाय न्हवं ह्यो?"

"ओढ म्हनतो ना. बेड्या पडतील मला! घरातनं वढत नेत्याल!"

"त्या दिशी बी म्याच ओढत हुते," ती म्हणाली. "जोड कच्चा हाय हे मला बी दिसत हुतं. तुमी ठसा उचललाव, तवाच म्या हात काडायला पायजे हुता. न्हाय काडला. दोन मानसं मेली. आज काडला. आता तुमाला ओढायचं आसंल तर येका हातानं ओढा आन् दुसऱ्या हातानं धरा."

आणि ती खरंच उठून बाहेर गेली. ओट्यावर बसून तिनं पदर तोंडाला लावला.

बब्रुवान एकटा भट्टीपाशी उभा राहिला. एका हातानं ओढणं अवघड नव्हतं, पोरपणी त्यानं कितीदा केलं होतं. त्यानं दोरीला हात घातला. त्या दोरीला द्वारकाबाईच्या तळहाताचा घाम अजून ओला होता. त्याला रडू आलं, आणि रडता रडताच त्यानं सांडशीनं तुकडा बाहेर ओढून राखेत टाकला. कुणी विचारलं तर धीटपणानं टाकला असं म्हणता येणार नाही. तो फक्त दोन भीतींच्या मधे सापडला होता, आणि त्यातली एक थोडी मोठी निघाली.

तारखेच्या दिवशी तुळजापूरच्या मुन्सफीत नुसती माणसं आणि ऊन होतं. मुन्सफसाहेब जाड भिंगाचा चष्मा लावून उर्दूत बोलत आणि पेशकार ते मराठीत सांगे. पुढच्या बाकावर महांतप्पा जरीचा रुमाल बांधून बसला होता, भिंतीशी नागूबाई कुबडी मांडीवर घेऊन. बब्रुवानला शपथ दिली. त्यानं दोनदा पाणी मागितलं. लोक हसले.

बब्रुवाननं आणून दिलेला तुकडा नागूबाईच्या वकिलानं पुढं केला. "हे तुझं काम?"

बब्रुवाननं महांतप्पाकडं पाहिलं. महांतप्पा तसाच बघत होता, रागानं नव्हे, नुसता.

"व्हय जी," बब्रुवान म्हणाला. "ठसा माजाच."

महांतप्पाचा वकील ताडकन उठला. हीच संधी साधायला तो बसला होता. "ठसा म्हणजे काम पक्कं असल्याची हमी. खरं?"

"व्हय जी."

"मग तुझ्याच हमीवर मालकानं लॉरी पाठवली. त्यात मालकाचा काय गुन्हा?"

बब्रुवाननं समोरचा लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"ठसा खोटा हुता, सायब," तो म्हणाला. "जोड कच्चा हाय हे मला ठावं हुतं. म्या मालकाला तसं सांगितलं. भार घालू नका म्हनलो. मालक ऐरणीपाशी उभे हुते. डायव्हर म्हनला ठशाबिगर गाडी हाकनार न्हाय. तवा मालकानं ठसा मारायला लावला, आन् म्या मारला. भ्यालो म्हनून मारला. माजी कारभारीन भात्यावर हुती, तिला बी इचारा. आन् हे बगा," त्यानं तुकड्याचं तुटलेलं टोक पुढं केलं. "निम्मं फाटल्यावानी खरखरीत हाय, तेवढंच जुळलं हुतं. निम्मं नितळ हाय. तिथं जोड लागलाच न्हवता. कुनीबी लोहार आना, ह्येच सांगंल."

मुन्सफसाहेबांनी चष्मा काढला. ते काही बोलले आणि पेशकारानं सांगितलं, "साहेब विचारतात, तू स्वतःविरुद्ध बोलतोयस हे तुला कळतंय का?"

"कळतंय जी," बब्रुवान म्हणाला. "लई भ्या वाटूलालंय."

या वेळी कुणी हसलं नाही. बब्रुवाननं भिंतीकडं पाहिलं. नागूबाई त्याच्याकडं बघत नव्हती. ती आपल्या लुगड्याच्या रिकाम्या घोळाकडं बघत होती, आणि मुठीत तासभर काय धरून ठेवलं होतं ते तिला आत्ता पहिल्यांदा कळत होतं.

निकाल नागूबाईच्या बाजूनं लागला. आपल्या गळ्यात फास अडकवून घेणारा साक्षीदार दुसऱ्यासाठी खोटं कशाला बोलेल, असं मुन्सफसाहेबांनी त्यात लिहिलं. महांतप्पा वरच्या कोर्टात गेला, तिथंही हुकूम कायम राहिला आणि त्याची लॉरी भरपाईत विकली गेली. बब्रुवानवर फौजदारी झाली. तीन महिने तो उस्मानाबादच्या तुरुंगात राहिला. बेडीचा जोड त्याला वाटला होता तसाच होता.

सुटून आला तेव्हा भट्टी थंड होती. गावानं कामं अणदूरच्या लोहाराकडं नेली होती, आणि त्यात गावाचं काय चुकलं? ज्यानं एकदा खोटा ठसा मारला त्याच्या ठशाला आता कोण विचारणार? द्वारकाबाई विळ्यांना धार लावून देऊन कसंबसं घर चालवत होती. ठसा तिनं फळीवर, होता तिथंच ठेवला होता. बब्रुवान त्याच्याकडं बघत नसे.

महिना गेला. एका सकाळी दारात टक टक असा आवाज झाला आणि बांगड्या किणकिणल्या. खांद्यावर माळा घेऊन नागूबाई उभी होती. बब्रुवान उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आता ही बोलणार, सगळं बोलणार, आणि ते ऐकून घ्यायलाच हवं.

तिनं कुबडी उलटी करून त्याच्यापुढं धरली. खालचं लाकूड झिजून फाटलं होतं.

"दगडावरनं सरकूलालीय," ती म्हणाली. "लोखंडी टोपी बसवून द्या. फिरतीवर जायचंय."

द्वारकाबाई न सांगता भात्यावर बसली. बब्रुवाननं तेवढी छोटी वस्तू करायला सकाळ घालवली. दोनदा बनवून मोडली. तिसऱ्यांदा बसवली, ठोकली, हातानं पिळून पाहिली, ऐरणीवर आपटून आवाज ऐकला आणि कुबडी तिच्यापुढं केली.

नागूबाईनं टोपी निरखली. "ठसा?"

बब्रुवाननं एकदा फळीकडं पाहिलं.

"मन भरलं आसंल तर मारा," ती म्हणाली. "न्हाय भरलं तर तसं सांगा, म्या अणदूरला जाईन. पर ह्या खेपंला खरं सांगा, दादा. मला पाय आता येकच हाय."

त्यानं टोपी पुन्हा काढून तापवली. फळीवरचा ठसा उतरवला. हात इतका कापत होता की त्यानं डाव्या हातानं मनगट धरलं. ठसा थोडा तिरपा उमटला. आयुष्यात पहिल्यांदा.

नागूबाईनं त्यावरून अंगठा फिरवला, कुबडी काखेत घेतली आणि निघाली. पुलाकडं जायला तोच एक उतार होता. बब्रुवान दारात येऊन उभा राहिला. तिनं पहिलं पाऊल टाकलं, सगळा भार कुबडीवर दिला. टक. दुसरं. टक. माणसं आडवी आली, गाड्या गेल्या, ती दिसेनाशी झाली, तरी बब्रुवान आवाज ऐकत उभा होता. पूल ओलांडून ती पलीकडच्या चढाला लागली असेल असं वाटेपर्यंत तो तिथून हलला नाही.